थोरलीची हजेरी

आमच्या सोसायटीत सकाळी उठायला कुणाला घड्याळ लागत नव्हतं. बरोबर सहाला मागच्या बाजूला बॉनेट उघडल्याचा आवाज यायचा, मग थोडा वेळ पुटपुटणं, आणि मग हँडलचे तीन फेरे. पहिल्या फेऱ्याला गाडी खोकायची, दुसऱ्याला शिंकायची, तिसऱ्याला सुरू व्हायची. दहा मिनिटं ती जागच्या जागी धडधडायची. पहिल्या मजल्यावरच्या माझ्या घरात तेवढा वेळ कपबशा बोलत असायच्या. मग सगळं शांत. बऱ्याचदा गाडी कुठे जाणारही नसायची. ती नुसती हजेरी होती.

गाडीवाले काका या हजेरीला फर्स्ट परेड म्हणत. सैन्यात ड्रायव्हरनं रोज सकाळी गाडी काढण्याआधी तिचं पाणी, तेल, हवा, बॅटरी, ब्रेक बघायचे आणि कागदावर सही करायची, असा रिवाज आहे. संध्याकाळी लास्ट परेड. गाडी पुसायची, बॅटरीची वायर सोडवून ठेवायची, पुन्हा सही. काकांना निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली होती. सही तपासायला वर कुणी साहेब उरला नव्हता, तरी त्यांनी एक सकाळ चुकवली नाही. बायको गेली त्या दिवशीही सहाला बॉनेट उघडलं होतं. लोकांनी नावं ठेवली. काका म्हणाले, "ती असती तर तिनंच सांगितलं असतं, आधी गाडी बघून या."

आमच्या सिल्व्हर पार्कात त्यांना सगळे मिलिटरीकाका म्हणत. मूळचे रत्नागिरीकडचे, सैन्यात ड्रायव्हर. खिशात कायम एक सुती फडकं असायचं, अगदी कुणाच्या लग्नाला गेले तरी. तुमच्याशी बोलताना शेजारी कुठलीही गाडी उभी असली की बोलता बोलता तिचा आरसा पुसून द्यायचे. एकदा पोलिसांच्या गाडीचा पुसत होते. आतला हवालदार म्हणाला, "काका, पैसे नाही मिळणार." काका म्हणाले, "तुझ्यासाठी नाही पुसत. तिच्यासाठी पुसतोय."

त्यांच्याकडे गाड्या दोन होत्या. दोन्ही सैन्यातून काढून टाकलेल्या, जबलपूरला बनलेल्या, पेट्रोलवर चालणाऱ्या एक टनी पिकअप. निवृत्त झाल्यावर त्यांनी त्या लिलावात घेतल्या होत्या. थोरली आणि धाकटी. थोरली चालायची. धाकटीतून थोरलीला लागेल ते निघायचं. कधी पंप, कधी स्टार्टर, कधी दाराची कडी. शेवटी शेवटी धाकटीच्या पोटात काही उरलं नव्हतं, तरी रोज सकाळी तिच्याही टायरांवर काकांची थाप पडायची. मी एकदा विचारलं, हिची कशाला परेड? तर म्हणाले, "इंजिन गेलंय तिचं. नोकरी नाही गेली."

सैन्याचा हिरवा रंग खाजगी गाडीला लावू देत नाहीत. तेव्हा काकांनी थोरलीला निळा रंग दिला, आणि तोही होडीचा. त्याची एक गोष्ट आहे. समुद्राकाठच्या पाली गावात पास्कू नावाचा एक मच्छीमार होता, त्याच्या होडीचं इंजिन दुरुस्तीला भाईंदरला आलं होतं. परत न्यायला एकही टेम्पोवाला तयार होईना, कारण पालीच्या गल्लीत गाडी वळवायला जागाच नाही, दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. काका म्हणाले, वळवायची कशाला? ते गल्लीच्या तोंडापासून समुद्रापर्यंत थोरली उलटीच घेऊन गेले, दोन्ही आरसे आत दुमडून, मान मागे वळवून. मी हौसेनं बरोबर गेलो होतो. पास्कू पुढे पळत एकेकाचं दार ठोठावत होता, "काकाची गारी रिवर्स येते हाय, स्कूटर काढा." बायका खिडक्यांच्या झडपा ओढून घेत होत्या. दोन्ही बाजूंना हाताचा पंजा राहील एवढीच जागा होती. थोरलीनं कुणाच्या भिंतीचा चुनासुद्धा काढला नाही. उतरल्यावर पास्कूनं भाडं विचारलं. काकांची नजर होडीशेजारच्या रंगाच्या डब्यावर होती. तेव्हापासून दर वर्षी पालीत होड्या रंगल्या की उरलेला निळा रंग थोरलीसाठी यायचा. एका वर्षी पास्कूनं स्वतःच्या हातानं तिच्या कडेला होडीसारखा नारिंगी पट्टाही ओढून दिला.

हे सगळं मी आता कौतुकानं सांगतोय. तेव्हा कौतुक नव्हतं. तेव्हा मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो, आणि त्या दोन गाड्या मागच्या अंगणातल्या बदामाच्या झाडाखाली दोन सावलीच्या जागा अडवून उभ्या होत्या.

लोकांना मी सांगितलं की धूर होतो, आवाज होतो, गाड्यांची वयं झालीत, फिटनेसचा दाखला मिळणार नाही, उद्या आरटीओवाले आले तर सोसायटीचं नाव खराब होईल. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. फक्त माझी नवी गाडी चार महिने उन्हात उभी होती, एवढं मी सांगितलं नाही. आज लिहितोय.

काकांना पटवायला मला पावसाळाभर लागला. रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. काका, तुमचं वय झालं, हँडल मारताना हात निखळेल. काका, नवी पिकअप घ्या, पॉवर स्टेअरिंग, एसी, पुढे टीव्हीसारखा पडदा. काका ऐकून घ्यायचे. एके दिवशी म्हणाले, "धाकटीचं काय ते कर. ती देऊन बसलीय सगळं. पण थोरली चालवणाऱ्याकडेच गेली पाहिजे. रोज सकाळी जो तिची परेड करील त्याच्याकडे. हा शब्द देतोस?"

मी शब्द दिला. तेव्हा तो खोटा नव्हता. नायगावला शूटिंगसाठी जुन्या गाड्या पुरवणारा एक जण माझ्या ओळखीतून निघाला होता. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, बघतो, महिन्याभरानं येतो. आणि सोसायटीची सभा आठ दिवसांवर होती, तोवर जागा रिकामी करून दाखवतो असं मी सगळ्यांना सांगून बसलो होतो.

काका शोरूममध्ये नवी गाडी ताब्यात घ्यायला नारळ घेऊन गेले, त्याच सकाळी मी वरसाव्याच्या भंगारवाल्याला बोलावलं. तो क्रेन आणि ट्रेलर घेऊन आला. आधी धाकटी चढवली. थोरलीनं सहाला हजेरी दिली होती, तिचं बॉनेट अजून कोमट होतं. साखळीनं उचलताना तिचं पुढचं चाक थोडा वेळ हवेत आपोआप फिरत राहिलं. मी घरात जाऊन चहा प्यायलो.

दुपारी काका पांढरीशुभ्र पिकअप घेऊन आले. उतरले, रिकाम्या जागेकडे बघितलं. शूटिंगवाला आज थोरलीला न्यायला येणार, असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांनी एकच विचारलं, "किती हँडल लागली?"

"दोन," मी म्हणालो.

काका हसले. "माझ्याकडे तीन घ्यायची. परक्या हाताला लाजली असेल." मग विचारलं, "ड्रायव्हर कोण त्यांचा?"

समोर रस्त्यापलीकडे एका वायरमनच्या दुकानाची पाटी होती. त्यावरचं आडनाव मी वाचलं. "सावंत."

"कुठला?"

"कणकवलीकडचा."

"मग सांभाळील," काका म्हणाले.

नव्या गाडीचं आणि काकांचं काही जमलं नाही. दुसऱ्या दिवशी सहाला त्यांनी बॉनेट उघडलं तर आत इंजिनावर काळं प्लास्टिकचं झाकण. ते झाकणाकडे बराच वेळ बघत उभे राहिले. संध्याकाळी सवयीनं लास्ट परेड केली, बॅटरीची वायर सोडवून ठेवली. सकाळी वायर जोडली तर पडद्यावर सगळे दिवे लागले, घड्याळात बारा वाजलेले, काचा वर जाईनात. तिसऱ्यांदा असं झाल्यावर सर्व्हिसवाला पोरगेला इंजिनियर घरी आला. म्हणाला, "अंकल, इसको रात को बंद करके सो जाओ बस. हाथ मत लगाओ. कुछ होगा तो गाडी खुद बताएगी."

काका मला म्हणाले, "हात लावायचा नाही, तर ती माझी कशी?"

त्यांनी ती गाडी चालवली, भाडी मारली, आरसेही पुसले. पण सकाळी सहाला काय करायचं हे त्यांना कळेना. बॉनेटचा आवाज बंद झाला. कपबशा गप्प झाल्या. पहिल्या काही दिवसांत मला बरं वाटलं, हेही खरं आहे.

मग एका रविवारी ते माझ्या दारात आले. हातात वहीतून फाडलेला कागद, पट्टीनं आखलेला. सात दिवसांचे सात रकाने, पाणी, तेल, हवा, बॅटरी, ब्रेक, आणि खाली ड्रायव्हरची सही. "एवढं सावंतला दे. भरून दर रविवारी परत आण. म्हणावं, मी साहेब नाही, पण बघणारा कुणीतरी आहे एवढं कळलं म्हणजे माणूस टाळत नाही."

तेव्हा सांगायला हवं होतं. कागद हातात घेतला तोच क्षण होता. मी म्हणालो, "देतो."

तो कागद मी माझ्या टेबलावर बसून भरला. डाव्या हातानं सही केली, सावंत. सगळीकडे लिहिलं, ठीक. पुढच्या रविवारी पुन्हा ठीक. महिन्याभरानं काका कागद पुढे टाकून म्हणाले, "तुझा सावंत खोटं लिहितो. कुठलीही गाडी असो, महिनाभर सगळं ठीक नसतं. एक तर तो बघत नाही, नाहीतर घाबरतो."

मी घाबरलो. मोबाइलवर जुन्या गाड्यांचे व्हिडिओ बघायला लागलो. ज्या माणसाला स्वतःच्या गाडीत तेल कुठून घालतात ते ठाऊक नव्हतं, तो पंखापट्टा आणि तेल मोजायची डिपस्टिक शिकला. पुढच्या कागदावर सावंतनं लिहिलं, रेडिएटरमधून थेंब थेंब गळती. काकांचा चेहरा एकदम उजळला. त्याच संध्याकाळी त्यांनी हळदीची पुडी आणून दिली. "त्याला सांग, रेडिएटरच्या पाण्यात दोन चमचे टाक. बारीक भोक बुजतं." ती हळद आमच्या आमटीत गेली. बायकोला सगळं ठाऊक होतं. तिनं डबा बंद करताना एवढंच म्हटलं, "दिवाळीला काय आणतील आता?"

दिवाळीला काकांच्या मुलीनं केलेल्या लाडवांचा डबा आला, सावंतसाठी. काकांची मुलगी भाईंदरलाच राहायची, अधूनमधून येऊन राहायची. म्हणाली, "दादा, बाबा त्यांचं फार नाव काढतात. एकदा घेऊन या ना घरी." मी म्हणालो, शूटिंगच्या वेळा धड नसतात हो. लाडू पोरांनी खाल्ले. मला एकही गेला नाही.

फोटो मागितला तर सांगितलं, आत फोन नेऊ देत नाहीत. बघायला नेण्याचं मी दर महिन्याला पुढे ढकललं. काकांनी हट्ट धरला नाही. हट्ट धरला असता तर बरं झालं असतं, मी तोंडघशी पडलो असतो आणि सुटलो असतो.

आणि एका संध्याकाळी त्यांनी मला घाईघाईनं हाक मारली. टीव्हीवर कुठलीशी मालिका चालू होती, त्यात सैनिकांनी भरलेली एक हिरवी पिकअप घाटातून जात होती. काका उभे होते. "तीच ती," म्हणाले. "उतारावर कशी डावीकडे झुकते बघ. तिला परत हिरवी केली त्यांनी. वर्दी मिळाली तिला परत." त्यांनी डोळे पुसायला खिशातलं ते फडकं काढलं. मी पण बघितलं, आणि खरं सांगतो, मलाही क्षणभर वाटलं की तीच आहे. त्यानंतर सांगायचं म्हटलं तरी कुठल्या तोंडानं सांगणार होतो?

दोन वर्षं गेली. काकांना छातीचा त्रास सुरू झाला. दवाखान्यात होते, तिथे मी रविवारचा कागद घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून तो नीट वाचला, घडी करून उशीखाली ठेवला. मग म्हणाले, "एक काम आहे. मी गेलो की मला थोरलीतून न्या. सावंतला सांगून ठेव. आणि म्हणावं खाली उभी करायच्या आधीच इंजिन गरम कर. लोकांसमोर हँडल मारत बसू नकोस. ती बंद पडायची नाही, पण त्याला घाई झाली तर."

आता पर्याय उरला नव्हता. मी खुर्ची जवळ ओढली आणि सगळं सांगितलं. भंगारवाला, क्रेन, ट्रेलर, बदामाची जागा. सावंत म्हणजे समोरच्या वायरमनची पाटी. सह्या माझ्या. बोलताना मी त्यांच्या पलंगाच्या कठड्याकडे बघत होतो.

मी वर बघितलं तर ते हसत होते.

"सेक्रेटरीसाहेब," ते म्हणाले, "काम अंगावर आलं की तू नेहमी असाच. टाकी धुवायची म्हटली की तुझा टाकीवाला मेलेला. लिफ्ट बिघडली की लिफ्टवाल्याची आई मेलेली. आता मला न्यायचं म्हटल्यावर थोरली मारलीस."

"काका, देवाशपथ. सह्या मी करत होतो."

"तू?" काकांना हसून हसून ठसका लागला. मुलीनं येऊन पाणी दिलं. "अरे, तुला बॉनेट उघडायची कडी सापडत नाही. रेडिएटर थेंब थेंब गळतो हे तुला सुचेल? तो गळतोच तिचा, डावीकडून. हे चालवणाऱ्यालाच कळतं. आणि टीव्हीवर मी डोळ्यांनी बघितली ती काय होती?"

दोन वर्षं मी खोटं इतकं मन लावून केलं होतं की आता खऱ्याला आत शिरायला जागा नव्हती. काकांनी माझा हात थोपटला. "कंटाळा करू नकोस. एवढं एकच काम. मग तुला त्रास नाही द्यायचा."

थोडं बरं वाटलं म्हणून त्यांना घरी आणलं. पाचव्या दिवशी पहाटे ते गेले.

मी खाली आलो तेव्हा अंगणात पाच-पंचवीस माणसं उभी होती. पालीहून पास्कू आला होता, आता तो थकला होता, त्याच्याबरोबर गल्लीतले दोघं-चौघं. काकांची मुलगी माझ्याजवळ आली. "दादा, सावंतांना फोन केलात ना? बाबा काल रात्रीसुद्धा म्हणत होते. किती वाजेपर्यंत येईल गाडी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तिच्या बापाला मी खरं सांगून बघितलं होतं. तिलाही सांगू शकलो असतो. पण ते तिथे, त्या घटकेला, तिच्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही. मी म्हणालो, "फोन केला. गाडी बंद पडलीय."

मुलीनं मान खाली घातली. पास्कूनं मात्र माझ्याकडे बघून हळूहळू मान हलवली.

"थोरली? न्हाय," तो म्हणाला. "ती गारी बंद न्हाय पडायची."

"पडली," मी म्हणालो.

मग नव्या पिकअपमधून न्यायचं ठरलं. चावी फिरवली तर काही होईना. बॉनेट उघडलं. बॅटरीची वायर सोडवून नीट बाजूला वळवून ठेवलेली होती. मुलगी म्हणाली, काल संध्याकाळी बाबा तिचा हात धरून खाली आले होते, दोन मिनिटांचं काम आहे म्हणाले होते. वायर मी जोडली. मला आता जोडता येत होती. पडद्यावर सगळे दिवे लागले, घड्याळात बारा वाजले. पास्कूनं गाडी चालवली, आणि स्मशानापर्यंत ती कसला तरी इशारा द्यायला टूं टूं वाजत राहिली. तो कसा बंद करायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

सावंतच्या सह्यांचे सगळे कागद मुलीनं मला परत दिले, त्यांना द्या म्हणाली. ते माझ्या टेबलाच्या खणात आहेत. माझी गाडी बदामाखाली उभी असते, सावलीत. सकाळी सहाला मला जाग येते आणि मी पडून राहतो. इतक्या वर्षांत थोरली एकदाही बंद पडली नव्हती. तिसऱ्या हँडलला नेहमी उठायची. शेवटी काकांच्या दारात, त्यांच्या माणसांसमोर, तिला बंद पाडणारा मीच.